चाचण्या उदंड, वाचन अडखळतेच

मार्च २०२४ मध्ये दहावीचा निकाल ९५.८१ टक्के लागला आणि २०२५ मध्ये तो ९४.१० टक्क्यांवर आला. पावणेदोन टक्क्यांच्या या घसरणीची कारणमीमांसा बरेच दिवस चालली. त्याआधी, जानेवारी २०२४ मध्ये, 'प्रथम' संस्थेचा 'असर' अहवाल प्रसिद्ध झाला होता. देशातील २८ ग्रामीण जिल्ह्यांतील १४ ते १८ वर्षे वयाच्या मुलामुलींची त्यात पाहणी होती. त्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाला आपल्याच भाषेतील दुसरीच्या पातळीचा उतारा सफाईने वाचता येत नव्हता, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे गणित केवळ ४३.३ टक्के मुलांना जमले. हे आकडे एकट्या महाराष्ट्राचे नाहीत हे खरे; तथापि उत्तीर्ण होणे आणि येणे यांत किती अंतर पडले आहे, हे समजण्यास ते पुरेसे आहेत.

हे अंतर कमी करण्याचा मार्ग म्हणून राज्याने गेल्या दशकात चाचण्यांचा आश्रय घेतला. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला. वर्षारंभी पायाभूत चाचणी, नंतर संकलित चाचण्या, त्यावरून मागे पडलेली मुले हेरायची आणि त्यांच्यावर मेहनत घ्यायची, ही कल्पना उत्तमच होती. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील शाळा पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षकांची रीघ लागली, ती कोणाच्या आदेशाने नव्हे. परंतु लवकरच 'प्रगत' शाळांची संख्या हाच जिल्ह्याजिल्ह्यांतील स्पर्धेचा विषय बनला, आणि मुलाला काय येते हा मूळ प्रश्न तक्त्याच्या मागच्या पानावर गेला.

पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने 'स्टार्स' प्रकल्प आला. महाराष्ट्रासह सहा राज्यांसाठीच्या या प्रकल्पातून 'पॅट' म्हणजे नियतकालिक मूल्यांकन चाचण्या घेण्यात येऊ लागल्या. प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी हे त्यांचे विषय. प्रश्नपत्रिका राज्यभर एकच. उत्तरपत्रिका मात्र शाळेतले शिक्षकच तपासणार आणि गुणही तेच पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्राकडे ऑनलाइन भरणार, अशी व्यवस्था ठरली. प्रश्नपत्रिका चाचणीपूर्वीच यूट्यूबवर झळकल्याच्या तक्रारी झाल्या. त्यावर गदारोळ झाला तो गोपनीयतेचा. वास्तविक ज्या चाचणीने कोणी नापास होत नाही, तिची प्रश्नपत्रिका कोणाला आधी हवी असावी, हा प्रश्न अधिक बोलका होता.

त्याचे उत्तर शेजारच्या मध्य प्रदेशात सापडते. तेथे 'प्रतिभा पर्व' या नावाने सर्व सरकारी शाळांत चाचणी घेतली जात असे. अर्थशास्त्रज्ञ अभिजित सिंग यांनी त्यातील काही विद्यार्थ्यांची स्वतंत्र फेरतपासणी केली, तेव्हा शासकीय नोंदीतील गुण खऱ्या आकलनाच्या मानाने फारच फुगलेले आढळले. त्यांच्याच अभ्यासात आंध्र प्रदेशातील टॅब्लेटवर घेतलेल्या चाचण्यांत ही फुगवटी बरीच घटली. त्यावरून सारे शिक्षक लबाड आहेत असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. ज्याच्या कामाचे माप घ्यायचे त्याच्याच हाती फूटपट्टी दिली आणि कमी भरल्यास खुलासा मागितला, तर फूटपट्टी ताणली जाणारच. खरे गुण भरणाऱ्या शिक्षकाला या व्यवस्थेत मिळते काय? एक नोटीस आणि एक जास्तीचे प्रशिक्षण.

म्हणूनच बाहेरून होणाऱ्या पाहण्यांचे मोल अधिक. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या 'परख' राष्ट्रीय सर्वेक्षणात देशभरातील २१ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी भाग घेतला. गणितातील सरासरी तिसरीत ६० टक्के, सहावीत ४६ आणि नववीत ३७ अशी निघाली. इयत्ता निराळ्या, प्रश्नपत्रिका निराळ्या. तेव्हा या आकड्यांची थेट वजाबाकी करू नये. पण सहावीतील केवळ ५३ टक्के मुलांना दहापर्यंतच्या बेरजा आणि पाढे येतात, हा त्याच सर्वेक्षणाचा निष्कर्ष पाहिला की पुढच्या इयत्तांचे गणित कशावर उभे राहते आहे, हे सांगावे लागत नाही.

'असर'ची पद्धत याहून साधी. कार्यकर्ता घरी जातो, मुलाशेजारी बसतो आणि एक उतारा वाचायला देतो. बाकीचे मूल स्वतःच सांगते. या पाहणीत सरकारी शाळेतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचणाऱ्यांचे देशातील प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के होते. करोनाकाळात शाळा बंद राहिल्या आणि २०२२ मध्ये ते १६.३ वर घसरले. २०२४ मध्ये २३.४ वर पोहोचले. सरकारी शाळांत काही होऊच शकत नाही, असे म्हणणाऱ्यांनी ही दोन वर्षांतील वाढ ध्यानात घ्यावी. २०२१ पासूनच्या 'निपुण भारत' मोहिमेने पायाभूत वाचन आणि गणनावर भर दिला, त्याचे श्रेय त्या मोहिमेला आणि वर्गातील शिक्षकांना द्यावेच लागेल. मात्र चारपैकी तीन मुले अजूनही त्या उताऱ्यापाशी थबकतात.

या पार्श्वभूमीवर २०२३ मध्ये राज्याने नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. केंद्राने २०१९ मध्ये शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती करून राज्यांना ही मुभा दिली होती. अनुत्तीर्ण झाल्यास पुरवणी मार्गदर्शन, फेरपरीक्षा आणि त्यातही अपयश आल्यास त्याच वर्गात पुन्हा वर्ष, अशी ही तरतूद आहे. आतापर्यंतच्या चाचण्यांचा रोख निदान शाळेवर आणि यंत्रणेवर होता. या परीक्षेचा रोख मुलावर आहे. पहिली ते चौथी जे शिकवायचे राहून गेले, त्याची वसुली दहा-अकरा वर्षांच्या मुलाकडून होणार. फेरपरीक्षेपूर्वीचे मार्गदर्शन उन्हाळी सुट्टीत बसवायचे. त्याच दिवसांत ऊसतोडीहून किंवा वीटभट्टीवरून परतलेल्या कुटुंबातील मुलाला चार वर्षांचे वाचन भरून काढायचे आहे, आणि तेही बहुधा ज्या शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग एकत्र असतात त्याच्याचकडून.