टायर घेण्यापूर्वीं चिखलाचा तळ पाहा

ट्रॅक्टर घेतांना तो किती अश्वशक्तीचा, ताशीं किती डिझेल जाळणारा, याची चौकशी आपण महिनाभर करतों. परंतु झिजलेले टायर बदलण्याची वेळ आली म्हणजे तो निर्णय दुकानाच्या पायरीवर पांच मिनिटांत उरकतो. शेजाऱ्यानें घेतले ते किंवा दुकानांत शिल्लक असतील ते, हाच बहुधा निकष. या चुकीचें प्रायश्चित्त मागाहून आषाढांत, रानवाटेच्या चिखलांत घ्यावें लागतें. आणि तें केवळ पैशाचें नसून प्रसंगीं प्राणाचेंहि असतें. म्हणून या विषयावर सभासद बंधूंपुढें चार शब्द मांडण्याचें योजिलें आहे.

आमगांवचें शिवार धानाचें. येथील ट्रॅक्टरास एकाच पावसाळ्यांत तीन निरनिराळीं कामें करावीं लागतात. बांधींत चिखलणी करावयाची. सालेकसा व देवरीकडील झाडीस लागून असलेल्या शेतांपर्यंत रानवाटेनें खत, पऱ्हे व माणसें न्यावयाचीं. आणि डांबरी सडकेनें गांवोगांव जावयाचें. या तिन्ही कामांस सारखाच उत्तम पडेल असा टायर जगांत कोणी बनविलेला नाहीं. तेव्हां कोणतें काम टायरानें करावें व कोणतें टायराकडून मागूंच नये, हें आधीं ठरविलें पाहिजे.

जमाबंदीच्या कामांत कन्हार, मोरंड, सिहार, बरडी अशी मातीची प्रत प्रथम लावीत व आकारणी मागाहून करीत. महसुली दप्तरांत जन्म घालविल्यामुळें मला टायरच्या खरेदींतहि हाच क्रम योग्य वाटतो. ज्या वाटेनें नेहमीं जावें लागतें त्या वाटेवर पावसाळ्यांत एक काठी टोंचून पाहावी. वीतभर चिखलाखालीं मुरूम लागला, तर त्या वाटेस तळ आहे. काठी हातभर जाऊनहि कठीण कांहीं लागलें नाहीं, तर ती वाट बिनतळाची. या दोन चिखलांचे उपाय परस्परांच्या उलट आहेत, आणि येथेंच बहुतेकांची फसगत होते.

तळ असलेल्या चिखलांत चाकानें चिखल कापून खालचा मुरूम धरावयाचा असतो. तेथें फार रुंद टायर चिखलावर तरंगतो व घसरतो; बेताच्या रुंदीचा, खोल उंचवट्यांचा आणि वजनदार टायर उपयोगी पडतो. वजनासाठीं मागील टायरांत तीनचतुर्थांश पाणी भरण्याची रीत चांगली व स्वस्त आहे. १३.६-२८ मापाच्या टायरांत त्यायोगें दीडशें ते दोनशें किलो भार वाढतो. थंड देशांत पाणी गोठूं नये म्हणून त्यांत क्षार मिसळावे लागतात. आपल्याकडे ती अडचण नाहीं. उलट बिनतळाच्या कन्हारींत हेंच वजन वैरी ठरतें. तेथें पाणी काढून टाकावें, टायर रुंद असावा आणि हवा कारखान्यानें सांगितलेल्या किमान मर्यादेपर्यंत उतरवावी, म्हणजे टायर पसरून अधिक जमिनीवर टेकतो. मात्र भरलेली ट्रॉली घेऊन सडकेवर येण्यापूर्वीं हवा पुन्हां भरली पाहिजे. नाहींतर टायरची बाजू फाटते.

आतां उंचवट्यांविषयीं, ज्यांस बाजारांत लग म्हणतात. साधा शेतकी टायर आर-१ या खुणेचा असतो. धान व उसाच्या ओल्या शेतांसाठीं आर-२ खुणेचा टायर निघतो. त्याचे उंचवटे साध्याच्या सुमारें दुप्पट खोल व विरळ असतात. विरळपणामुळें चिखल त्यांत भरून न राहतां फेकला जातो. चिखल भरून राहिला कीं, उत्तम टायरहि गुळगुळीत लोळण बनतो. असें असतां सर्वांनीं आर-२ च का घेऊं नये? कारण डांबरी सडकेवर ते उंच रबर लवकर झिजतें. ज्याचा ट्रॅक्टर निम्मा वेळ सडकेवर असतो, त्यानें साधाच, परंतु अधिक प्लायचा टायर घ्यावा. कारण झाडींत तिरके तोडलेले बांबूचे खुंट टायरच्या बाजूस भाल्यासारखे लागतात. बांधींतील चिखलणीसाठीं लोखंडी केजव्हील जोडावें. मात्र तें लावून डांबरी सडकेवर जाऊं नये, त्यानें सडक उखडते.

१९३२ साली अमेरिकेंत अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीनें आपल्या ट्रॅक्टरास हवेचे रबरी टायर बसविले, तोंवर बहुतेक ठिकाणीं लोखंडी चाकेंच होतीं. रबरानें सडक जिंकली, पण धानाच्या चिखलांत लोखंडाची गरज अजून सरलेली नाहीं.

टायर जमला कीं नाहीं याची परीक्षा स्वतः करतां येते. मागील टायरावर खडूची खूण करून रिकाम्या ट्रॅक्टरानें चाकाचे दहा फेरे चालावे व तें अंतर खुंट्या ठोकून राखावें. मग तेंच अंतर ओझें ओढीत चालून फेरे मोजावे. अकरा ते बारा झाले तर सर्व ठीक. पंधरा झाले तर चाकाच्या फिरण्याचा तिसरा हिस्सा वायां जात आहे असें समजावें.

कोणी म्हणतील, चारहि चाकें ओढणारा ट्रॅक्टर घेतला म्हणजे ही चिंता मिटली. तसें नाहीं. झिजलेल्या टायरांवर असा ट्रॅक्टर दोनाऐवजीं चार चाकांनीं रुततो, एवढेंच.

शेवटीं सर्वांत महत्त्वाचें. ट्रॅक्टर रुतला कीं मागील चाकांस आडवें लाकूड बांधून पुढें काढण्याची चाल ठिकठिकाणीं दिसते. ही चाल प्राणघातक आहे. लाकूड अडून चाक थांबलें व इंजिनाचा जोर चालूच राहिला, तर आंसाभोंवतीं ट्रॅक्टरच फिरतो. पुढील बाजू उचलून तो चालकावर उलटतो, आणि उडी मारण्यासहि अवसर मिळत नाहीं. अशा वेळीं इंजिन बंद करावें, चाकांमागील चिखल उकरावा व आल्या वाटेनें मागें निघण्याचा यत्न करावा. दुसऱ्या ट्रॅक्टरानें ओढावयाचें तर साखळी आंसाच्या खालच्या अंगास बांधावी, वर कधींहि नव्हे.

आणि ज्या वाटेस तळच नाहीं, तिच्यावरील अवजड ने-आण मृग लागण्यापूर्वीं उरकून घ्यावी. भर पावसांत त्या वाटेनें जाण्याचा हट्ट कोणत्याहि टायरच्या भरंवशावर धरूं नये. खताची गाडी चार दिवस थांबली तर पीक थोडें मागें पडेल. चालविणारा गेला तर घरच बसेल.