सातचा भोंगा आणि आमची घंटा

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनी एक नेम धरला. सायंकाळी ७ वाजता भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी पुस्तक उघडावयाचे आणि ८.३० ला पुन्हा भोंगा होईपर्यंत ते मिटावयाचे नाही. ही हकिगत आम्ही देगलूर येथे काही कुटुंबांपुढे सांगितली, तेव्हा एक गृहस्थ हसून म्हणाले, "फादर, आता देवळाच्या भोंग्यावर चालायचे काय?"

त्या हसण्याला उत्तर देणे आम्हांस अगत्याचे वाटते. सकाळी, दुपारी व सायंकाळी देवदूताच्या वंदनेची घंटा ख्रिस्तसभेने कशासाठी लावली? हातचे काम थांबावे, घर एका ठिकाणी यावे, यासाठीच ना? वडगावकरांनी आपल्या देवळावरून जे केले ते आमच्याच ठेव्यातले होते; आम्ही ते विसरलो, त्यांना ते सुचले. लाज वाटायची तर ती अनुकरणाची नव्हे, विस्मरणाची वाटावी.

आणि वाचनाचा ठेवा तरी केवढा! फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्या, आणि त्या मराठीत! देवळांतून ते मोठ्याने वाचले जाई. निरक्षर माणूसही कानांनी वाचक होई. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. तरी श्रद्धावंतांनी त्या पुराणाच्या प्रती हातांनी उतरवून घेतल्या, आणि अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ मध्ये मंगळुरात ते पुन्हा छापता आले. ज्यांना बंदी होती त्यांनी ग्रंथ जपला. आम्हांला कोणाचीही बंदी नाही, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' कित्येक घरांत प्लास्टिकच्या वेष्टनासह शोकेसमध्ये उभे आहे. २०२० मध्ये ते धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आम्ही मराठवाड्यातील कॅथलिकांनी अभिमानाने छाती फुगवली. दोन वर्षांनी संमेलन आमच्या शेजारी उदगीरला भरले. तेथूनही पुष्कळांनी आणली ती छायाचित्रे.

"मोबाइलवरही वाचनच होते," असा एक युक्तिवाद केला जातो. होते खरे, शुभवर्तमानही तेथे आहे. पण दुसऱ्या ओळीवर कोणाचा तरी निरोप टपकतो आणि तिसरी ओळ कधी येतच नाही. शिवाय तो पडदा एकट्याचा असतो. बाप एका कोपऱ्यात, मुलगी दुसऱ्या, आजी तिसऱ्या, आणि जपमाळ खुंटीवर! पुस्तक मोठ्याने वाचले की ते साऱ्या घराचे होते.

मुलांना दोष देणे आम्हांस मुळीच मान्य नाही. २०२० च्या टाळेबंदीत शाळेच्या नावाने त्यांच्या हाती मोबाइल दिला तो वडीलधाऱ्यांनीच. आणि आम्ही धर्मगुरू? रोज पहाटे सुविचार पाठवून तुमची झोपमोड करणाऱ्यांत आमचाही हात आहे, हे कबूल केलेले बरे.

येथे देगलूरच्या बाजूस घरात एक बोली, बाजारात दुसरी, शाळेत तिसरी अशी स्थिती पुष्कळांची आहे. तेलुगू, कन्नड, उर्दू कानांवर सतत असतात. अशा मुलाची मराठी पक्की व्हायची ती ऐकून आणि वाचूनच. सरकत्या चित्रांनी नव्हे. स्पर्धा परीक्षेत, अर्जात, तहसील कचेरीत तो अडतो तेथे कोणता व्हिडिओ त्याच्या मदतीला येणार आहे?

म्हणून आमचे मागणे अगदी मोजके आहे. चारही शुभवर्तमाने मिळून ८९ अध्याय होतात. सायंकाळच्या घंटेनंतर पडदे बंद करून रोज एक अध्याय मोठ्याने वाचावा, ज्याला नुकतेच वाचता येऊ लागले आहे त्याच्यापासून आरंभ करावा. मग हवे तर 'श्यामची आई' घ्यावी, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्यावी. हा अंक हाती पडल्या दिवशी मत्तयापासून सुरुवात केली, तर पुढचा अंक येईतो योहानाचा शेवटचा अध्याय वाचून होतो. वेष्टन काढण्यासाठी कात्री लागत असल्यास आम्ही घरभेटीला येताना घेऊन येऊ.