गुत्तेदाराचा कागद

पुण्याकडे जे काम उक्ते देतात, ते मराठवाड्यात गुत्त्याने देतात आणि ते घेणारा तो गुत्तेदार. हा शब्द आपल्यात आणि तेलुगू मुलखात सामाईक आहे. हैदराबादेतल्या दिलसुखनगरच्या गल्लीतला घरमालकही ‘गुत्तेदारु’ असेच म्हणतो. रोजाचा हिशेब नको, एका ठोक रकमेत काम पुरे करून दे, असा त्याचा अर्थ. यात सोय मोठी आहे. पण घरदुरुस्तीतली बहुतेक भांडणेही या ‘ठोक’ मधूनच उपजतात, कारण रक्कम दोघांनी ऐकलेली असते आणि काम मात्र प्रत्येकाने आपापल्या मनात धरलेले असते.

दिलसुखनगरात अशा कामांना तोटा नाही. चैतन्यपुरी, सरूरनगर, मलकपेट या पट्ट्यात जुन्या अपार्टमेंट आहेत, शिकवणी वर्गांच्या आधाराने उभी राहिलेली वसतिगृहे आहेत. २०१८च्या सप्टेंबरात अमीरपेट ते एल. बी. नगर मेट्रो धावू लागली आणि हा भाग शहराच्या दुसऱ्या टोकाशी जोडला गेला. इथे काम घेणारा बहुधा कालपर्यंत स्वतः थापी धरणारा मिस्त्री असतो. हाताखाली पालमूरची म्हणजे महबूबनगरकडची माणसे, मालक तेलुगू, बोलणे दखनीत आणि भाव फोनवर. ‘पूर्ण बाथरूम, इतके हजार.’ झाले कोटेशन!

हेच बाथरूम जरा जवळून पाहू. पाच बाय सात फुटांचे आहे, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. फरशी ३५ चौरस फूट. भिंतींचा घेर २४ फूट आणि सात फुटांपर्यंत टाइल्स, म्हणजे १६८. त्यातून अडीच बाय सातचे दार वजा केले की सुमारे १५०. फरशीसह १८५ आणि कापताना-फुटताना जाणाऱ्या मालासाठी दहा टक्के धरले तर २०० चौरस फुटांच्या वर. ही मांडणी कागदावर पाच ओळींत मावते. ती नसेल तर मालक दुकानातून १६० फुटांचाच माल आणतो, दुसऱ्या खेपेला त्या रंगाची पेटी मिळत नाही आणि दोष मिस्त्रीच्या माथी येतो.

खरी अडचण तर जुनी टाइल उखडल्यावर दिसते. आतला लोखंडी पाइप गंजून पातळ झालेला असतो. तो बदलायचा तर पैसे कोणी द्यायचे? राडारोडा गोण्यांत भरून तीन मजले कोणी उतरवायचा आणि टाकायचा कुठे? वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी तुंबवून ठेवायचे की लगेच टाइल्स बसवायच्या? यातला एकही प्रश्न अनपेक्षित नाही. दहा बाथरूम केलेल्या माणसाला हे सगळे आधीच ठाऊक असते, फक्त तो ते लिहीत नाही. लिहिले तर आकडा फुगलेला दिसेल आणि काम शेजारच्याला जाईल, अशी त्याला भीती वाटते. ही भीती खोटी नाही. म्हणूनच ‘यात काय आहे’ याच्या बरोबरीने ‘यात काय धरलेले नाही’ हेही कोटेशनमध्ये यायला हवे. दुसरा भाग पहिल्याहून महत्त्वाचा, असे आमचे मत आहे.

मोजमापाचे वादही असेच टाळता येतात. भारतीय मानक आय. एस. १२०० मध्ये बांधकामाच्या मोजणीची रीत ठरवून दिली आहे. प्लास्टर मोजताना अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची उघडी जागा वजा करत नाहीत. तीन चौरस मीटरपर्यंतच्या दार-खिडकीसाठी, दोन्ही बाजूंना सारखे प्लास्टर असेल तर, एकाच बाजूची वजावट होते. रंगारी ‘खिडकी वजा नाही’ म्हणतो ते या रीतीला धरूनच, पण मालकाला ते लबाडीचे वाटते. ‘मोजणी अमुक रीतीने’ एवढी ओळ कागदावर असली की संशयाला जागा उरत नाही.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खाते आपल्या दर विश्लेषणात साहित्य आणि मजुरी धरून झाल्यावर कंत्राटदाराचा नफा आणि वरखर्च म्हणून १५ टक्के मिळवते. आमचा छोटा गुत्तेदार मात्र माल आणि मजुरी जोडून थांबतो. दोन दिवस मापे घेतली, चार फेऱ्या दुकानाला झाल्या, मोटारसायकलचे पेट्रोल गेले, मशीनचे पाते झिजले, याचे मोल शून्य! त्याचा स्वतःचा रोजही त्यात नसतो. असा माणूस काम संपत आल्यावर हिशेबाला बसतो तेव्हा हातात काही उरलेले नसते. मग शेवटचा हात मारताना तो पुट्टीचा एक थर वाचवतो. कामातली चोरी पुष्कळदा चुकलेल्या कोटेशनपासून सुरू होते, हे मालकांनीही ओळखले पाहिजे.

कराचेही स्पष्ट असावे. इमारतीच्या अशा कामांवर १८ टक्के जीएसटी लागतो. नोंदणी असेल तर रक्कम करासहित की कर वेगळा, हे लिहावे. नोंदणी नसलेल्याला कर आकारताच येत नाही. २०२५च्या २२ सप्टेंबरपासून सिमेंटवरचा कर २८वरून १८ टक्क्यांवर आला. मालासहित घेतलेल्या कामात असा फरक कोणाच्या पदरात पडायचा, हे आधी ठरलेले बरे. भाव किती दिवस टिकेल तेही त्याच कागदावर हवे.

१८७२चा भारतीय करार कायदा तोंडी कराराला नाकारत नाही. पण ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो त्याच कायद्याच्या २९व्या कलमाने निरर्थक ठरतो. फुकट करायचे म्हणून न केलेल्या कामाचा लाभ समोरच्याने घेतला, तर ७०व्या कलमाने मोबदला मागता येतो. मात्र पंचवीस हजारांच्या वाढीव कामासाठी कोण कोर्टाची पायरी चढणार? त्यापेक्षा पाइप बदलण्याआधी त्याचा फोटो, बदलाचा खर्च आणि मालकाचा ‘ठीक आहे’ असा संदेश फोनवर घेऊन ठेवणे कितीतरी सोपे.

मालकांनाही सांगायचे आहे. तीन कोटेशने मागवणे चांगले, पण त्यांतली कामे सारखी नसतील तर केवळ आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. तिघांना कामाची एकच यादी द्यावी. सर्वांत स्वस्त वाटणारा कागद अनेकदा सर्वांत कमी लिहिलेला असतो. आगाऊ रक्कम माल आणण्यापुरती द्यावी, पुढचे हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधावेत. पाणी तुंबवून चाचणी झाल्यावर एक हप्ता आणि दारे-नळ बसल्यावर शेवटचा, अशी विभागणी दोघांनाही न्यायाची आहे.

हे सगळे इंग्रजीत छापलेच पाहिजे असे नाही. फिनिशिंग या शब्दाचा अर्थ मालक, मिस्त्री आणि रंगारी तिघे तीन लावतात. तिथे ‘पुट्टीचे दोन थर, एक प्रायमर, रंगाचे दोन हात’ असे ज्याला त्याला वाचता येईल त्या भाषेत लिहिलेले बरे. आयटीआयमधून गवंडीकाम, नळकाम शिकवताना कोटेशन लिहिण्याचा सराव करून घ्यावा. हार्डवेअरच्या दुकानदारांनी तेलुगू, उर्दू, हिंदी आणि मराठीत कोऱ्या नमुन्याची वही काउंटरवर ठेवावी. नांदेड-उदगीरहून आलेला पोरगा सिमेंट घ्यायला तिथेच येतो. पोत्यांच्या पावतीबरोबर ती वही त्याच्या हाती पडली, तर पुढच्या घरात माप घेताना तो ती उघडेल आणि हातोडा उचलण्याआधी मालकाला विचारेल, राडारोडा कोणी उतरवायचा?