कॉलेजच्या आधीच कॉलेज

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. न्यू जर्सीहून वन्संचा फोन आला आणि पलीकडून रडणं ऐकू आलं. माझ्या काळजात चर्रच झालं! रडत होती भाची. निमित्त काय, तर क्रेडिट.

मैत्रिणींनो, आपल्याकडे अकरावीची मुलगी 'ज्युनिअर कॉलेज'ला जाते. तिथे बारावीसुद्धा शाळाच. (आमच्या सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही.) पण शाळेत असतानाच कॉलेजचे काही विषय पदरात पाडून घ्यायची सोय तिथे आहे. त्यातली एक वाट 'एपी'ची. १९५५ पासून कॉलेज बोर्ड ही संस्था ती चालवते. विषय शाळेतच शिकायचा, मे महिन्यात परीक्षा द्यायची, गुण १ ते ५. तीन किंवा जास्त मिळाले की पुष्कळ कॉलेजं त्या विषयाची क्रेडिटं देतात. पदवीला साधारण १२० क्रेडिटं लागतात, एका विषयाची तीन-चार. तिथल्या फीचे आकडे ऐकले की डोळे पांढरे होतात, तेव्हा दोन विषय वाचले तरी आईबापांना केवढा हातभार!

भाचीने तीन विषय एकदम घेतले. बायॉलॉजीत ३, इतिहासात ४, कॅल्क्युलसमध्ये ५. वन्संनी पेढे वाटले. आणि जिथे नाव घातलं ते कॉलेज म्हणालं, आम्ही फक्त ५ मानतो. "मामी, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागले गं मी!" काय समजूत घालणार? क्रेडिट द्यायचं की नाही, किती गुणांना द्यायचं, हे प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं. काही ठिकाणी तर क्रेडिट न देता नुसतं वरच्या वर्गात बसवतात. आपल्या देशातही काही केंद्रांवर ही परीक्षा देता येते, म्हणून मुद्दाम सांगते.

दुसरी वाट 'ड्युअल एनरोलमेंट'ची. शाळेतली मुलं जवळच्या कम्युनिटी कॉलेजचा एखादा वर्ग करतात. एका परीक्षेवर सगळं अवलंबून नसतं, आणि त्याच राज्याच्या सरकारी विद्यापीठात ही क्रेडिटं बहुधा चालतात. बड्या खाजगी कॉलेजांत मात्र अडतात. शिवाय एक मेख आहे. एपीचे गुण कमी पडले तर ते कॉलेजला न कळवण्याची मुभा बहुतेक वेळा असते. इथला ग्रेड मात्र कॉलेजच्या दप्तरात कायमचा. सोळाव्या वर्षी मिळालेला 'सी' पुढे मेडिकलच्या अर्जातही दाखवावा लागतो!

आता वन्सं धाकट्यासाठी पाच विषयांची यादी करून बसल्या होत्या. मी म्हटलं, "वन्सं, आधी तो जाईल अशा चार कॉलेजांचे नियम काढा, आणि प्रत्येक विषयापुढे कुठे किती गुण लागतात ते लिहा. आणि तो झोपतो किती, तेही लिहा हं." मी अर्धवेळ शिक्षिका, पहिल्या तासाला बाकावर पेंगणारी मुलं रोज बघते.

दोन विषय त्यांनी तिथल्या तिथे खोडले. तिसऱ्यावरून मायलेकांचं अजून चालूच आहे. भाचीचं म्हणाल तर कॅल्क्युलस वाचल्यामुळे मोकळ्या झालेल्या तासाला तिने कुंभारकाम घेतलं. पहिल्या मगचा फोटो आलाय. कान जरा वाकडा बसलाय.