मित्रांची रॅली, गावाचा रस्ता

चार मित्रांनी मिळून एखादी जुनी जिप्सी किंवा एस्टीम घ्यायची, गॅरेजमध्ये रात्री जागवून ती शर्यतीसाठी सज्ज करायची आणि रॅलीत नाव नोंदवायचे, हे स्वप्न महाराष्ट्रातील शहरांना नवे नाही. नाशिक आणि पुण्याच्या परिसरात राष्ट्रीय रॅली अजिंक्यपदाच्या फेऱ्या झाल्या आहेत. टायर कंपन्यांच्या पुरस्कृत संघांबरोबरच स्वतःच्या खिशाला चाट लावून उतरणारे हौशी स्पर्धकही या खेळात नेहमीच राहिले आहेत. त्यांच्या सुरक्षिततेचा विचार गाडीच्या आत बराच होतो. गाडी ज्या रस्त्यावरून धावते तो रस्ता कोणाचा, हा प्रश्न मात्र बहुधा अपघात घडल्यावरच विचारला जातो.

दोन प्रकारच्या रॅली

मराठी वाचकाच्या मनात 'मोटार रॅली' या शब्दाने बराच गोंधळ आहे. शहरांतून निघणाऱ्या बहुतांश रॅली या वेळ, वेग आणि अंतर यांचा हिशेब राखण्याच्या स्पर्धा असतात. त्यात ठरवून दिलेल्या वेगापेक्षा पुढे गेल्यासही गुण कापले जातात. वाहतूक सुरू असलेल्या रस्त्यावरच त्या होतात.

'स्टेज रॅली'चे गणित वेगळे आहे. तिच्यात काही किलोमीटरचे टप्पे सर्वसामान्य वाहतुकीसाठी पूर्ण बंद केले जातात. गाड्या ठरावीक अंतराने एकेक करून सोडल्या जातात आणि प्रत्येकीची झुंज घड्याळाशी असते. एका टप्प्यावरून दुसऱ्याकडे जाताना मात्र हीच गाडी खुल्या रस्त्यावर येते आणि तिला वाहतुकीचे सारे नियम पाळावे लागतात. वेळनोंद चौकीवर उशिरा पोहोचल्यास दंड आहेच, शिवाय वेळेआधी पोहोचल्यासही दंड आहे. एकाच दिवसात एकाच गाडीने शर्यतही करायची आणि शिस्तही पाळायची, हे या खेळाचे वैशिष्ट्य आहे.

नोट्समध्ये नसलेला माणूस

सर्किटवरील शर्यतीत चालक एकटा असतो. रॅलीत शेजारच्या आसनावर सहचालक असतो आणि हौशी स्पर्धकांच्या बाबतीत तो बहुधा जुना मित्र असतो. शर्यतीपूर्वी दोघे साध्या गाडीतून, मर्यादित वेगाने मार्गाची पाहणी करतात. प्रत्येक वळणाची दिशा, त्याच्या तीव्रतेचा आकडा, पुढील वळणापर्यंतचे अंतर, चढावामागे दडलेला उतार, आतून कापू नये असे वळण, हे सारे वहीत उतरते. शर्यतीत सहचालक ते मोठ्याने वाचतो आणि चालक न दिसणाऱ्या वळणावर केवळ त्या आवाजाच्या भरवशावर गाडी घालतो. एक ओळ चुकली तर गाडी नाल्यात जाऊ शकते. मैत्रीची अशी परीक्षा अन्य खेळांत क्वचितच होत असेल.

उरलेले मित्र सर्व्हिस पार्कमध्ये थांबतात. मोजक्या मिनिटांत टायर बदलणे, वाकलेला आर्म सरळ करणे हे त्यांचे काम. मात्र, या साऱ्या तयारीत एक उणीव राहतेच. वहीत वळण असते, दगड असतो, मोरी असते, माणूस नसतो. पाहणीच्या दिवशी जिथे कोणी नव्हते, तिथे शर्यतीच्या दिवशी गुरे वळवणारा शेतकरी किंवा मोटारसायकलवरचे कुटुंब येऊ शकते. त्याला थांबवणे सहचालकाच्या हातात नसते. ते काम मार्शलचे, अडथळ्यांचे आणि पहिल्या स्पर्धकाआधी मार्ग तपासत जाणाऱ्या 'झीरो कार'चे असते.

बारमेरचा धडा

ही व्यवस्था कोलमडली तर काय होते, ते २१ सप्टेंबर २०१९ रोजी राजस्थानातील बारमेर जिल्ह्यात दिसले. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या फेरीत गौरव गिल यांची गाडी मार्गावर आलेल्या मोटारसायकलवर आदळली आणि पती, पत्नी व त्यांचा मुलगा असे एकाच कुटुंबातील तिघे मृत्युमुखी पडले. गिल हेही जखमी झाले. फेरी रद्द झाली आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला. बंद म्हणून जाहीर झालेल्या मार्गावर मोटारसायकल आली कशी, हाच त्यानंतरच्या वादाचा गाभा होता.

गिल हे नवखे चालक नव्हते. आशिया-पॅसिफिक रॅली अजिंक्यपद तीनदा जिंकलेल्या या चालकाला त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार मिळाला होता. मोटारस्पर्धांच्या क्षेत्राला मिळालेला तो पहिला अर्जुन. देशातील सर्वात कसलेल्या चालकालाही समोर अचानक आलेले वाहन चुकवता आले नाही, ही बाब हौशी चालकाने गांभीर्याने घ्यायला हवी. इथे कौशल्य हा रस्ता बंद करण्याला पर्याय ठरू शकत नाही.

कायदा स्पर्धकालाही ओळखतो

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १८९ या संदर्भात महत्त्वाचे आहे. राज्य सरकारच्या लेखी संमतीविना सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत होऊ देणारा आणि तीत भाग घेणारा, असे दोघेही या कलमाखाली दोषी ठरतात. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली आहे. तेव्हा 'परवानगीचे आयोजक पाहतील' ही भूमिका स्पर्धकाला परवडणारी नाही.

विम्याचेही तसेच आहे. खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीतून संघटित शर्यत आणि वेगचाचणी हे वापर वगळलेले असतात. पिंजरा, हार्नेस, हेल्मेट यांवर लाखाचा हिशेब करणारे मित्र पॉलिसीची ती ओळ बहुधा वाचत नाहीत. तिसऱ्या व्यक्तीला इजा झाल्यास भरपाई कोण देणार, याचे उत्तर स्पर्धेच्या स्वतंत्र विम्यात शोधावे लागते.

इतरांनी काय केले?

रस्त्याकडेच्या माणसाची किंमत जगाला उशिराच कळली. १९८६ मध्ये पोर्तुगाल रॅलीत गाडी गर्दीत घुसून तीन प्रेक्षकांचा बळी गेला. त्याच वर्षी कोर्सिकात हेन्री तोइव्होनेन आणि सर्जिओ क्रेस्टो या चालक-सहचालकांचा मृत्यू झाल्यावर 'ग्रुप बी' हा अतिवेगवान गट मोडीत निघाला. स्कॉटलंडमध्ये ३१ मे २०१४ रोजी जिम क्लार्क रॅलीत तीन प्रेक्षक दगावले. तेथील सरकारने सुरक्षिततेचा आढावा घेतला, मृत्यूंची न्यायालयीन चौकशी झाली आणि या रॅलीला बंद रस्त्यांवर परतायला २०१९ साल उजाडले. तिथे बंदी आली नाही, पण पाच वर्षे थांबण्याची तयारी दाखवली गेली.

आपल्याकडे रॅलीचा मार्ग हा बहुधा वस्ती, शेत, शाळा आणि दवाखाना यांना जोडणारा एकमेव रस्ता असतो. प्रत्येक पायवाट आणि बैलगाडीची वाट त्याला कुठे मिळते, हे आयोजकांच्या नकाशापेक्षा गावकऱ्यांना अधिक ठाऊक असते. त्यामुळे रस्ता बंद करणे हे केवळ दोर बांधण्याचे काम नाही. आदल्या आठवड्यात ग्रामपंचायतीत बसून वेळा ठरवणे, वाडीवाडीवर दवंडी देणे, आजाऱ्याला न्यायची वेळ आली तर टप्पा थांबवण्याची सोय ठेवणे आणि प्रत्येक फाट्यावर गावातलाच, अधिकार असलेला माणूस उभा करणे, हा त्याचा खरा अर्थ आहे. जिल्हा प्रशासनानेही परवानगीच्या कागदावर सही करण्यापूर्वी ही यादी मागितली पाहिजे.

हौशी स्पर्धकांचे बळ इथेच उपयोगी पडू शकते. नोंदणी शुल्काशिवाय रॅली उभी राहत नाही. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी लेखी संमती, तिसऱ्या व्यक्तीचा विमा आणि फाट्यांवरील मार्शलची यादी दाखवा, असे म्हणण्याचा अधिकार त्या चार मित्रांना आहे. पाहणीच्या दिवशी वळणांबरोबर मार्गाला मिळणाऱ्या वाटाही वहीत टिपाव्यात आणि राखणदार नसलेला फाटा आयोजकांना दाखवावा. तो फाटा सुनाच राहिला, तर त्या टप्प्यावर गाडी सुरू न करण्याची तयारीही ठेवावी. गावाने काही तासांसाठी उसना दिलेला रस्ता संध्याकाळी जसाच्या तसा परत करणे, ही रॅली जिंकण्याआधीची अट आहे.