कोहलीची गहुंज्यातली सरासरी

गहुंज्याच्या मैदानावर विराट कोहलीची कसोटी सरासरी 71.25 आहे. मे 2025 मध्ये तो कसोटीतून निवृत्त झाला, त्यामुळे हा आकडा आता कायमचा. देहूहून देहूरोड ओलांडून तिथे सामने बघायला जाणाऱ्यांना तो सांगा, हसतील. कारण त्याचे तिथले पाच डाव असे आहेत: 0, 13, नाबाद 254, 1 आणि 17. एक डाव बाजूला काढला, तर उरलेल्या चारांत मिळून 31 धावा.

एवढं ऐकलं की एक पक्ष खूश होतो. ‘आम्ही म्हणतच होतो, आकड्यांत काही नाही. खेळ डोळ्यांनी बघायचा. पोरगं दर्जाचं आहे की नाही, हे दोन कव्हर ड्राइव्हमध्ये कळतं.’ दुसरा पक्ष मोबाइल काढून म्हणतो, ‘सत्तरच्या वर सरासरी आहे, विषय संपला.’ माझं भांडण दोघांशीही आहे, पण पहिल्याशी जास्त. दुसरा निदान मोजायला तयार आहे.

चाकणच्या कारखान्यात बुशचा लॉट आला आणि सरासरी व्यास बरोबर निघाला, म्हणून क्वालिटीवाला तो पास करत नाही. निम्मे जाड आणि निम्मे बारीक असले तरी सरासरी बरोबरच येते. तो प्रत्येक नग टॉलरन्समध्ये आहे का ते बघतो. पण म्हणून मायक्रोमीटर खिडकीबाहेर फेकत नाही. क्रिकेटवर बोलताना मात्र आपण नेमकं तेच करतो.

डोळ्यांचा भरवसा किती धरावा, तेही गहुंज्यातच बघा. फेब्रुवारी 2017 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने तिथे दोन्ही डावांत 35 धावांत 6 बळी घेतले. भारत 105 आणि 107 धावांत गारद झाला आणि 333 धावांनी हरला. आयसीसीने खेळपट्टीला ‘निकृष्ट’ शेरा दिला. त्या तीन दिवसांत ज्यांनी ओकीफला नुसतं डोळ्यांनी बघितलं, त्यांना तो थोर फिरकीपटूच वाटला असणार. त्याची कारकीर्द 9 कसोटींत 35 बळींवर थांबली. त्यांतले 12 या एका सामन्यातले. त्याच मैदानावर ऑक्टोबर 2019 मध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 5 बाद 601 वर डाव सोडला. मैदान तेच, खेळपट्टी वेगळी. 2024 मध्ये पुन्हा फिरकी, न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरचे 13 बळी, आणि भारताने बारा वर्षांनी मायदेशातली मालिका गमावली.

अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांना हा पेच जुना आहे. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 1600 मीटर उंचीवर. हवा विरळ, त्यामुळे टोलावलेला चेंडू लांब जातो. तिथल्या फलंदाजाचे आकडे ते तसेच स्वीकारत नाहीत. त्या मैदानावर इतरांच्या किती धावा होतात, ते बघून त्यांना कात्री लावतात. ‘ही अमेरिकन खुळं आपल्याकडे कशाला?’ असं कोणी म्हणेल. तर बेसबॉलची आकडेवारी मांडायची रीत ज्याने घडवली, तो हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडमधल्या एक्सेटरचा, आणि क्रिकेटचा वार्ताहर. क्रिकेटच्या धावफलकावर वाढलेला माणूस! बॅट न लावता, चार चुकीचे चेंडू सोडून मिळालेला तळ त्याने फलंदाजाच्या खात्यात धरला नाही. ती चूक नंतरच्या मोजणाऱ्यांनी मोजूनच दुरुस्त केली. ऑकलंडच्या गरीब संघाने असे तळ मिळवणाऱ्या दुर्लक्षित खेळाडूंना स्वस्तात घेतलं आणि 2002 मध्ये लागोपाठ 20 सामने जिंकले. (त्यांच्याकडे गोलंदाजही उत्तम होते, हे त्यांच्यावरचा सिनेमा जरा विसरतो.)

आक्षेप एकच वजनदार आहे: बेसबॉलमध्ये एका मैदानावर वर्षाला 81 सामने होतात, गहुंज्यात आजवर कसोट्या तीन. तीन सामन्यांवरून मैदानाचा गुणक काढता येत नाही. मान्य. म्हणूनच ‘गहुंजे म्हणजे फिरकी’ हे वाक्यही टिकत नाही. मग तुलना मैदानाशी न करता त्याच सामन्यातल्या इतरांशी करावी. 2017 ला स्टीव्ह स्मिथने दुसऱ्या डावात 109 केल्या. अख्ख्या भारतीय संघाला दोन्हीपैकी एकाही डावात तेवढ्या जमल्या नाहीत. 109 चं वजन इथे कळतं, सरासरीत ते विरघळून जातं.

हीच फुटपट्टी भाऊसाहेब निंबाळकरांना लावू. डिसेंबर 1948 मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद 443. ब्रॅडमनचा 452 चा विक्रम समोर असताना प्रतिपक्षाने सामनाच सोडला. त्याच मोसमात पुण्यातच मुंबई-महाराष्ट्र सामन्यात 2376 धावा निघाल्या. तेव्हा पुण्यात धावांना तोटा नव्हता, ही शंका रास्त आहे. पण त्याच खेळपट्टीवर काठियावाडचा संघ 238 मध्ये संपला होता. शंका उरतेच, पण निंबाळकर त्यातून पुष्कळसे सहीसलामत सुटतात. आणि हा न्याय त्यांना आकड्यांनीच दिला. त्यांना कसोटीसाठी एकदाही न निवडणाऱ्या डोळ्यांनी नव्हे.

देहूत हिशेबाची बाजू घेणं जरा धाडसाचंच. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत सोडली, हे इथलं पोरही सांगतं. पण परंपरा असंही सांगते, की त्याआधी धाकट्या भावाचा निम्मा वाटा त्यांनी वेगळा काढून दिला. म्हणजे वाटणी आधी, विसर्जन मग.

आता मागणी. स्मिथच्या त्या 109 धावांत आपण त्याचे झेल सोडले होते. छापील धावफलकावर त्याची खूण नाही. बेसबॉलच्या फलकावर क्षेत्ररक्षकाच्या चुकांचा स्वतंत्र रकाना असतो. आपल्या पट्ट्यातल्या टेनिस बॉलच्या स्पर्धांत स्कोअर लिहिणारी पोरं हल्ली मोबाइलवर चेंडू-चेंडू नोंदवतात. त्यांनी सुटलेला झेल कोणाचा आणि कोणाच्या हातून, एवढं लिहायला सुरुवात करावी. सोडणारा आयोजकांचा भाचा असला, तरीही.