बाजार वस्तीत आला पाहिजे

शेतकरी आठवडी बाजाराचा पहिला दिवस फीत कापणाऱ्यांचा असतो. बाजार खरोखर कोणासाठी भरतो, हे पुढच्या दोन-तीन महिन्यांत कळते. वस्तीतल्या माता-भगिनींनी हा प्रश्न आता विचारायला हवा, कारण त्याचा संबंध थेट आपल्या अंगातल्या रक्ताशी आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आहे. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बालकांत हे प्रमाण १०० मध्ये ६९ आहे. दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या घ्यायलाच हव्यात, पण ताटही सुधारायला हवे. राष्ट्रीय पोषण संस्था सांगते की मोठ्या माणसाच्या रोजच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात, त्यांत १०० ग्रॅम पालेभाजी. आपल्या किती घरांत एवढी भाजी शिजते? बटाट्याच्या रश्श्यावर आणि चहा-बटरवर दिवस निघतो. मुलाच्या हातात पाच रुपयांचे चिप्सचे पाकीट असते.

गेल्या महिन्यात आमच्या प्रभागात असा बाजार सुरू झाला. पहिल्याच दिवशी वस्तीतल्या चौघींबरोबर मीही गेले. ताजी मेथी, माठ, अंबाडी, पाल्यासकट मुळा, शेवग्याच्या शेंगा. शेतकरी नवरा-बायको स्वतः तागडी धरून बसलेले. जुडी भरगच्च, भाव आमच्या नाक्यापेक्षा कमी. खोट काढावी असे मालात काही नव्हते.

पण बाजार भरला होता मोठ्या सोसायटीच्या मैदानात, रविवारी सकाळी सात ते अकरा. त्या वेळी आमच्या घरकाम करणाऱ्या बाया दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात भाजी निवडत असतात. सफाईच्या कामावरच्या भगिनी झाडू हातात घेऊन रस्त्यावर असतात. नाक्यावरच्या मजुराच्या हातात पैसे पडतात ते संध्याकाळी. तेव्हा त्याच्या वाट्याला हातगाडीवरची दिवसभर उन्हात कोमेजलेली भाजी येते. शिवाय तिथे अर्ध्या किलोच्या खाली कोणी द्यायला तयार नव्हते. ज्या घरात फ्रिज नाही, ते घर पावशेरच घेणार!

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची हकीकत सांगितली आहे. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने आपल्या जातभाईंना जेवण दिले. जेवणात तूप वाढले, म्हणून सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले. अन्नाची नासाडी केली, जेवणाऱ्यांना मारले. आपण चांगले खावे, हेच त्यांना सहन झाले नाही. आज बाजाराच्या दारात लाठी घेऊन कोणी उभे नाही. पण जागा, वेळ आणि माप अशी ठरवली की आपण आपोआप बाहेर राहतो. ती ठरवताना आपल्याला कोणी विचारत नाही, आणि आपणही विचारायला जात नाही.

हे बदलता येते. २०१६ साली राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, त्यामुळे शेतकरी समितीच्या आवाराबाहेरही थेट ग्राहकाला विकू शकतो. कृषी पणन मंडळाचे संत शिरोमणी सावता माळी आठवडे बाजार याच वाटेने सुरू झाले. मग आपल्या वस्तीत असा बाजार का भरू नये? महिला मंडळाने सह्यांचा अर्ज प्रभाग कार्यालयात आणि पणन मंडळाकडे द्यावा. मागण्या तीनच: जागा विहाराजवळची, वेळ संध्याकाळी सहा ते नऊ, आणि पावशेराचे माप.

वस्तीत भाजी विकणाऱ्या भगिनींच्या पोटावर पाय येईल, अशी शंका कोणी घेईल. ती खोटी नाही. म्हणून त्यांना शेतकऱ्याकडून ठोक भावात माल मिळावा, हेही त्याच अर्जात लिहावे.

आणि बाजार आला की आपली जबाबदारी सुरू होते. शेतकरी टेम्पोचे भाडे भरून येतो. पहिल्या दिवशी गर्दी आणि चौथ्या आठवड्याला शुकशुकाट झाला, तर तो पुन्हा येणार नाही. दर आठवड्याला प्रत्येक घराने निदान दोन जुड्या पालेभाजी घ्यावी. पालेभाजी आणि डाळ खाताना वर लिंबू पिळावे, त्याने लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, तो लोह अंगी लागू देत नाही, तासभर थांबावे. आणि घरातल्या बाईने उरलेसुरले खाऊ नये. सगळ्यांबरोबर बसावे, भाजीचा पूर्ण वाटा घ्यावा.

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात अर्जाचा कागद ठेवा. पहिली सही घरातल्या सर्वांत थकलेल्या बाईची घ्या.

जय भीम!